परीक्षकाची परीक्षा: पोनी क्लबच्या चाचणीत परीक्षकाचं मूल्यमापन कसं करावं

पहिल्यांदा मी परीक्षकाबद्दलचा फॉर्म भरला तेव्हा रागात होते. मुलीची पोनी क्लबमधली, म्हणजे मुलांना घोडेस्वारी शिकवणाऱ्या संस्थेतली, सी पातळीची पहिली चाचणी, आणि स्वारीच्या भागात ती राहिली. परतीच्या वाटेवर हेल्मेट मांडीवर घेऊन मागच्या सीटवर गप्प बसली होती. घरी आल्या आल्या मी लिहिलं, 'फार कडक आहेत. मुलांना समजून घेत नाहीत.' आणि पाठवून मोकळी झाले.

पुढे दीड वर्षाने चाचण्या भरवण्याचं काम माझ्याच गळ्यात पडलं आणि असले फॉर्म वाचायची पाळी माझ्यावर आली. पास झालेल्यांच्या घरून 'फार छान', राहिलेल्यांच्या घरून 'फार कडक'. परीक्षकाबद्दल त्यातून काडीचंही कळत नव्हतं. माझ्या मुलीच्या बाबतीत खरं काय घडलं होतं? तंग, म्हणजे घोड्याच्या पोटाखालून खोगीर आवळणारा पट्टा, न तपासताच ती रिकिबीत पाय घालायला निघाली होती. खोगीर फिरलं असतं तर थेट घोड्याच्या पोटाखाली गेली असती. परीक्षक बाईंनी दोन शब्दांत थांबवलं, तंग आवळायला लावला आणि तेवढंच कागदावर लिहिलं. यात कडक काय होतं?

म्हणून हा लेख. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये ज्यांची मुलं पोनी क्लबात जातात आणि ज्यांच्याकडे आज ना उद्या स्वयंसेवक म्हणून हे काम येणार आहे, त्यांच्यासाठी तो मुख्यतः आहे. पुण्या-मुंबईच्या रायडिंग स्कूलमध्ये उन्हाळी वर्गाच्या शेवटी प्रमाणपत्राची चाचणी घेणाऱ्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

आधी थोडी ओळख

पोनी क्लब १९२९ साली ब्रिटनमध्ये सुरू झाला. अमेरिकेतली संस्था १९५४ची, मुख्यालय केंटकीतल्या लेक्सिंग्टनला. दोन्हीकडे पायऱ्यांची अक्षरं उलटी चढतात: अमेरिकेत डी सर्वांत खाली (ब्रिटनमध्ये त्याच्याही खाली ई), ए सर्वांत वर. अमेरिकेत डी-१ ते डी-३, मग सी-१ आणि सी-२ इथवरच्या चाचण्या क्लबच्या पातळीवर होतात. त्यापुढच्या सी-३, बी आणि ए राष्ट्रीय परीक्षकांपुढे. घोड्याची निगा, खाणंपिणं, आजार, तबेल्याची व्यवस्था यांसाठी एच-बी आणि एच-ए या वेगळ्या चाचण्या आहेत. ए पर्यंत फार थोडी मुलं पोचतात.

लक्षात ठेवायची गोष्ट ही की प्रत्येक पायरीसाठी मानकं लिहून ठेवलेली असतात. मुलाने काय करून दाखवायचं, काय सांगता आलं पाहिजे, सगळं छापील. इथे पहिला-दुसरा नंबर नसतो. मानक गाठलं की नाही, एवढंच ठरवायचं. परीक्षकाचं मूल्यमापन करतानाही तोच कागद हातात असला पाहिजे.

आपल्या लोकांना परीक्षक म्हटलं की बारावीच्या प्रॅक्टिकलचे 'एक्स्टर्नल' आठवतात. त्यांची सरबराई, त्यांचा मूड, 'यंदाचे एक्स्टर्नल चांगले आहेत' ही कुजबुज. ते सगळं डोक्यातून काढून टाका.

चाचणीच्या आदल्या आठवड्यात

त्या पातळीची मानकं स्वतः वाचा. घोड्यातलं फार कळत नसलं तरी चालेल. मलाही तेव्हा कळत नव्हतं. वाचताना जे डोळ्यांनी दिसू शकतं त्याखाली रेघ मारा. 'घोड्याला सुरक्षितपणे बांधता येतं' यात दिसण्यासारखं काय आहे? गाठ. ती सुरगाठ हवी, म्हणजे घोडा बिथरून मागे ओढू लागला तर एका हिसक्यात सुटेल. निरगाठ बसली तर घोडं आणि पोर दोघंही अडकले. तेव्हा परीक्षकाने ती गाठ ओढून पाहिली का, हे तुम्हाला पाहता येईल.

दुसरं काम जरा अवघड, पण टाळू नका. परीक्षकाचा कोणत्या मुलाशी आधीचा संबंध आहे का, हे विचारून घ्या. या जगात सगळे एकमेकांना ओळखतात. जी बाई परीक्षा घ्यायला येते तिने मागच्या उन्हाळ्यात त्याच मुलीला शिकवलेलं असू शकतं, किंवा तिच्या आईवडिलांना घोडा विकलेला असू शकतो. असं असलं म्हणून ती व्यक्ती वाईट ठरत नाही. फक्त त्या मुलीपुरता दुसरा परीक्षक बघावा लागतो. ही माहिती परीक्षकाने आपणहून दिली की विचारल्यावर, याची नोंद करा. आपणहून देणाऱ्यांचं माझ्या मनात वजन वाढतं.

आणि परीक्षकाला सरळ सांगून ठेवा: मी कडेला बसून नोंदी घेणार आहे, मुलांच्या नव्हे, तुमच्या कामाच्या. लपूनछपून करण्यासारखं हे काम नाही.

सकाळी, घोड्यावर बसण्यापूर्वी

वहीत तीन रकाने आखा: वेळ, परीक्षकाने काय विचारलं किंवा केलं, मुलाने काय केलं. मत लिहायला चौथा रकाना ठेवू नका. ठेवला की तोच भरतो आणि बाकीचे रिकामे राहतात.

परीक्षक मैदान पायी फिरून पाहतो का? घसरडी जागा, कुंपणाचा निघालेला खिळा, उडीच्या खांबांवर मोकळे राहिलेले, आडवा दांडा टेकवायचे लोखंडी कप, हे मुलं यायच्या आधी बघायचं असतं. मुलांना दिवसाचा क्रम सांगतो का? 'प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारा' हे एक वाक्य बोलतो का? साधं वाक्य आहे, पण ते ऐकल्यावर पोरांचे खांदे खाली येताना मी पाहिले आहेत.

मग सामानाची तपासणी. इथे चांगला परीक्षक हात लावून पाहतो. रिकिबीच्या वादीची शिवण उसवली आहे का, हेल्मेटचा पट्टा नीट बसतो का, तंगाखाली बोटं जातात का. घोडा पोट फुगवून उभा राहतो आणि दोन मिनिटं चालल्यावर तंग सैल पडतो, म्हणून पुन्हा एकदा तपासायला लावतो. लांबून मान डोलावून 'छान' म्हणणारा परीक्षक कितीही गोड बोलत असला तरी ते वेळेसकट वहीत गेलं पाहिजे.

प्रश्न कसे विचारतो

इथेच घोडं पेंड खातं. परीक्षकाचा कस सर्वांत जास्त जमिनीवरच्या तोंडी भागात लागतो आणि पालकांचं लक्ष सर्वांत कमी तिथेच असतं, कारण सगळे उड्या बघायला आलेले असतात.

पहिली गोष्ट, प्रश्नातच उत्तर आहे का ते बघा. 'खूर टाचेकडून पुढच्या बाजूला साफ करायचा असतो, हो ना?' याला मूल 'हो' म्हणणारच. 'खूर साफ करून दाखव, आणि करताना काय करते आहेस ते मला सांगत जा' हा खरा प्रश्न. मग मुलीला खूरकाढणी टाचेकडून पुढे न्यावी लागते, मधला मऊ त्रिकोणी भाग सांभाळावा लागतो, आणि न विचारताच ती सांगते की खडा अडकला होता.

दुसरी, पाठांतर आणि कौशल्य यांतला फरक परीक्षकाला कळतो का? घोड्याची नाडी विश्रांतीत मिनिटाला साधारण २८ ते ४४, श्वास ८ ते १६, तापमान ९९ ते १०१ फॅरनहाइट. हे आकडे आपली पोरं पाढ्यासारखे म्हणून दाखवतात. त्यात आपण पटाईतच. चांगला परीक्षक आकडे ऐकून घेतो आणि म्हणतो, 'आता नाडी शोधून दाखव.' मग जबड्याच्या खालच्या कडेला बोटं फिरतात, घोडा मान हलवतो, पुन्हा शोधावं लागतं. या दोन मिनिटांत जे दिसतं ते आकड्यांत दिसत नाही. वरच्या पातळीच्या चाचणीत निव्वळ आकड्यांवर समाधान मानणारा परीक्षक सगळ्या मुलांना आवडतो, पण त्याने मानक मोजलेलंच नसतं.

तिसरी, अर्धवट उत्तरावर तो काय करतो? 'घोड्याला सकाळी गवत किती?' 'दोन फ्लेक.' सुकं गवत इथे दाबून बांधलेल्या गठ्ठ्यात येतं आणि त्याचे जे थर सुटतात त्यांना फ्लेक म्हणतात. थर कधी जाड, कधी पातळ, त्यामुळे दोन फ्लेक म्हणजे नेमकं काहीच नाही. चारा वजनावर द्यायचा असतो: दिवसाला शरीराच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे ४५० किलोच्या घोड्याला सात ते नऊ किलो. एक परीक्षक लगेच 'चूक' लिहितो. दुसरा 'बरोबर' लिहून पुढे जातो. तिसरा विचारतो, 'तुझ्या तबेल्यात एका फ्लेकचं वजन किती भरतं?' मुलगी म्हणते, 'मोजलं नाही, पण काटा आहे, मोजायला हवं.' आता परीक्षकाच्या हाती काहीतरी खरं लागलं. असा पाठचा प्रश्न ऐकू आला की तो शब्दशः उतरवून घ्या.

चौथी, थांबतो किती? प्रश्न विचारल्यावर मनात पाचपर्यंत मोजा. आपल्या घरांतली बरीच मुलं मोठ्यांसमोर आधी विचार करतात, मग बोलतात. डोळ्याला डोळा भिडवणं त्यांना उद्धटपणा वाटतो. इथे त्याचा अर्थ 'आत्मविश्वास नाही' असा घेतला जातो. घाईच्या परीक्षकापुढे अशा मुलाचं आलेलं उत्तरही तोंडातच राहतं. हे मात्र तुमच्या मुलापुरतं पाहू नका. सगळ्याच मुलांना मिळालेला वेळ मोजा. एकाला दोन सेकंद आणि दुसऱ्याला दहा मिळत असतील तर ते आकड्यात लिहा. 'भेदभाव केला' असं लिहिलं की सगळे बचावाच्या पवित्र्यात जातात. सेकंदांवर निदान बोलता तरी येतं.

डी पातळीवर परीक्षकाने थोडं शिकवणं अपेक्षितच आहे. आठ वर्षांच्या पोराची गाठ चुकली तर त्याने ती करून दाखवावी आणि पुन्हा करायला लावावी. ही मदत उपकार किंवा ढिलाई समजू नका. वरच्या पातळीवर चित्र बदलतं: तिथे परीक्षकाने शिकवायला घेतलं तर बाकीच्यांवर अन्याय होतो. तेव्हा 'खूप मदत केली' ही एकच नोंद डी-१ ला कौतुकाची आणि सी-३ ला तक्रारीची ठरते. पातळी लिहायला विसरू नका.

मैदानात: आठ पावलांचा हिशेब

स्वारीचा भाग पाहून गोंधळायला होतं, म्हणून मी मोजता येण्यासारख्या गोष्टी धरते. सरावाला प्रत्येकाला किती मिनिटं मिळाली? सूचना मुलांपर्यंत पोचत होत्या का, की वाऱ्यावर उडत होत्या? एखादा घोडा दुडक्या चालीत मान वरखाली करू लागला, म्हणजे लंगडत असण्याची शंका, तर परीक्षकाने ताबडतोब थांबवलं का? इथे थांबवण्याला पर्याय नाही. मुलीची वर्षाची तयारी वाया जाते, आई रडवेली होते, तरी थांबवायचं. लंगडणाऱ्या घोड्यावर 'एकच फेरी पूर्ण कर' म्हणणाऱ्या परीक्षकाची गोष्ट त्याच संध्याकाळी वर कळवायची असते, फॉर्मची वाट बघायची नाही.

आता उड्या. कँटरमधली, म्हणजे दुडकीहून वेगवान चालीतली, घोड्याची एक ढांग साधारण १२ फुटांची धरतात. दोन अडथळ्यांमध्ये एक ढांग बसवायची तर २४ फूट ठेवतात: सहा फूट उतरायला, बारा ढांगेचे, सहा पुन्हा उडायला. माणसाचं लांब पाऊल तीन फुटांचं, म्हणून मैदानात सगळे आठ पावलं मोजताना दिसतात. हे तुम्हालाही मोजता येतं.

पण हा हिशेब मोठ्या घोड्याचा. १२.२ हातांच्या तट्टाला तो लागू नाही. (एक हात म्हणजे चार इंच, आणि टिंबापुढचे दोन म्हणजे दोन इंच, त्याला दशांश समजून मी एकदा भलतीच उंची काढली होती.) त्याची ढांग लहान, त्याला ती जागा एका ढांगेला लांब आणि दोन ढांगांना आखूड पडते.

आमच्याकडे एका खासगी तबेल्यात सरावाची चाचणी होती. चार मुलं मोठ्या घोड्यांवर, एक दहा वर्षांचा मुलगा करड्या तट्टावर. अडथळे २४ फुटांवर. चौघं गेली. तट्टू पहिला अडथळा नीट ओलांडून आलं, मध्ये दोन आखूड ढांगा कोंबल्या आणि दुसऱ्यावरून उभ्या उभ्याच उडालं. मुलगा मानेवर आपटला, आयाळ धरून कसाबसा सावरला. परीक्षकाने लिहिलं, 'लय राखता आली नाही.' पुढच्या महिन्यात, दुसऱ्या मैदानावर, दुसऱ्या बाई आल्या. तोच मुलगा, तेच तट्टू. त्याची पाळी आल्यावर त्या स्वतः उठल्या, खांब पावलांनी मोजून आत सरकवले आणि म्हणाल्या, 'आता जा.' तट्टू एका ढांगेत पार.

दोन्ही परीक्षक प्रामाणिक होते, हे मला ठाऊक आहे. पहिल्याने जे मोजलं ते मुलाचं कौशल्य नव्हतं, तट्टाची उंची होती. 'प्रत्येक घोड्यासाठी अंतर बदललं का?' हा प्रश्न तेव्हापासून माझ्या वहीत कायमचा आहे.

यालाच जोडून घोडा कोणाचा, हेही लिहा. शिवकाळात स्वतःचा घोडा आणणारा शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर. पोनी क्लबातही बारगीर असतातच: कोणी भाड्याचा घोडा आणतं, कोणी मैत्रिणीचा. वरच्या चाचण्यांत घोडे बदलून बसायला लावतात, तो कौशल्याचाच भाग आहे. पण खालच्या पातळीवर उसन्या, अडेल घोड्यावर बसलेल्या मुलीने त्याला शांतपणे कसं हाताळलं, हे परीक्षकाने पाहिलं की फक्त घोडा तीनदा अडला एवढंच मोजलं?

निकाल सांगण्याआधी फॉर्मचा अर्धा भाग बंद करा

या लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. निकाल जाहीर होण्यापूर्वी मुलांकडून, पालकांकडून आणि स्वतःकडून फॉर्मचा पहिला भाग भरून घ्या आणि पाकिटात घाला. त्यात एवढंच: सूचना कळल्या का, वेळ पुरला का, घोड्याची आणि मुलाची काळजी घेतली का, प्रश्न त्या पातळीच्या मानकातले होते का. हे भरताना कोण पास, कोण नापास ते कोणालाच माहीत नसतं, त्यामुळे रुसवे-फुगवे शाईत उतरत नाहीत. आमच्याकडे घोडे खरारा करून तबेल्यात बांधले जातात तो अर्धा तास यासाठी ठेवला आहे.

दुसरा भाग निकालानंतरचा, आणि तो फक्त निकाल सांगण्याच्या पद्धतीबद्दल. प्रत्येक मुलाला बाजूला घेऊन सांगितलं की सगळ्यांसमोर? जे मानक गाठलं गेलं नाही ते कोणतं, ते नेमकं दाखवलं का? घरी जाऊन उद्यापासून काय करायचं, ते मुलाला कळलं का? शेवटचं तपासायचा सोपा मार्ग म्हणजे दुसऱ्या दिवशी मुलालाच विचारणं. 'त्या म्हणाल्या की दुडकीत मी उलट्या वेळी उठते. बाहेरचा खांदा पुढे गेला की उठायचं,' असं उत्तर आलं तर परीक्षकाने काम चोख केलं आहे, मूल पास असो वा नसो. 'त्या म्हणाल्या अजून सराव हवा,' एवढंच आलं तर ते जसंच्या तसं लिहून ठेवा.

मुलांना तेच प्रश्न विचारू नका जे मोठ्यांना विचारता. दहा वर्षांच्या मुलाला 'परीक्षक निःपक्षपाती होते का' विचारून काय मिळणार? त्याला विचारा: कुठला प्रश्न कळला नाही? तेव्हा त्या काय म्हणाल्या? कधी भीती वाटली का? तबेल्याच्या मालकाला, जमल्यास मोतद्दारालाही विचारा. परीक्षक घोड्यांजवळ कसा वावरला ते त्यांच्याइतकं कोणी पाहिलेलं नसतं.

नोंदी एकत्र करताना

पाच मुलांच्या फॉर्मवरून सरासरी काढून '४.२ तारे' देऊ नका. एका माणसाने ५ चा १ केला की आकडा कोसळतो आणि त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी फॉर्म टेबलावर पसरा आणि एकच घटना किती जणांनी, एकमेकांशी न बोलता, लिहिली आहे ते शोधा. तिघांनी स्वतंत्रपणे 'सूचना ऐकू येत नव्हत्या' लिहिलं असेल तर ते पक्कं. एकाच घरातल्या दोघांनी लिहिलं असेल तर ते एकच मत धरा.

दोन परीक्षक असतील तर एक उत्तम संधी असते. एकाच मुलाबद्दल दोघांनी बोलण्यापूर्वी आपापला निर्णय लिहून ठेवावा, मग पडताळावा. फरक पडणं वाईट नाही. दोघांनी मानकाचं पुस्तक उघडलं, की ज्येष्ठ परीक्षकाचं म्हणणं दुसऱ्याने गुपचूप मान्य केलं, तिथे कान द्या.

नोंद कशी असावी, याचा नमुना माझ्याच वहीतून, नावं काढून:

'१०:५०. सी-१. परीक्षक: घोडा पोट दुखत असल्यासारखा वागतोय, काय करशील? मुलगी गप्प. परीक्षक चार सेकंद थांबल्या, मग: तुला काय काय दिसेल ते आधी सांग. मुलगी: पोटाकडे वळून बघेल, पाय आपटेल, लोळेल, लीद कमी. परीक्षक: आणि मग? मुलगी: दाणा काढून घेईन, मोठ्यांना आणि डॉक्टरला कळवेन. परीक्षकांनी मानकाच्या पानावर खूण केली.'

हे वाचून त्या दिवशी नसलेल्या माणसालाही परीक्षक कशा होत्या ते दिसतं. आता माझं ते जुनं वाक्य, 'फार कडक आहेत', याच्या शेजारी ठेवून बघा.

परीक्षकाला सांगताना

फॉर्म वर पाठवण्याआधी परीक्षकाशी बोला, शक्यतो आठवड्याच्या आत, फोनवर. बहुतेक परीक्षक आपली शनिवार-रविवारची सुट्टी मोडून, दोन-तीन तास गाडी हाकत आलेले असतात. आधी घटना सांगा, मग त्यांची बाजू ऐका. अंतर का बदललं नाही, असं मी त्या पहिल्या परीक्षकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, मैदान अरुंद होतं, मागच्या कुंपणामुळे खांब हलवायला जागाच नव्हती. मी पुन्हा जाऊन मोजलं. खरंच नव्हती. म्हणजे त्या नोंदीतली अर्धी चूक आमची, भरवणाऱ्यांची, निघाली. तसं मी फॉर्मवर लिहिलं आणि पुढच्या वेळी तट्टावरच्या मुलांसाठी एक स्वतंत्र ओळ आधीच मांडून ठेवली, २० फुटांवर. मुलं यायच्या आधी परीक्षकांनी स्वतः टेप लावून ती मोजली, एक खांब अर्धा फूट सरकवला आणि मला ओरडून सांगितलं, 'हे पण वहीत लिहा.'